दारूच्या बाटलीवर संत्रा कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा तान्ह्या पोळ्याला माझा नातू लाकडी बैल ओढत, घरोघरी बोजारा (पोरांना मिळणारा खाऊ-पैसे) मागून घरी आला, तेव्हा त्याच्या हातात एक प्लास्टिकची बाटली होती. समाजमंदिरामागे सापडली म्हणाला. तिसरीत आहे, जोडाक्षरं आता कुठं जमायला लागलीत. लेबलवर बोट ठेवून त्यानं ‘सं-त्रा’ वाचलं आणि विचारलं, “आबा, हा आपल्या बागेतल्या संत्र्याचा रस व्हय काय?”

बाटली देशी दारूची होती. तळाशी दोन घोट उरले होते आणि झाकण त्यानं उघडलेलंच होतं. मी ती हिसकावली तसं पोरगं रडायला लागलं. त्याचं काय चुकलं? शाळेत शिकवलं तसं त्यानं वाचलं. मद्याचं प्रमाण ४२.८ टक्के, हे मात्र इतक्या बारीक अक्षरात होतं की मला चष्मा लावावा लागला.

‘संत्रा’ नावाची देशी आमच्या भागात वर्षानुवर्षं विकली जाते. मलाही ते कधी खटकलं नव्हतं, याची आता लाज वाटते. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आम्हा बागायतदारांना केवढा अभिमान! त्याच फळाचं नाव दारूवर चालतं कसं?

थोडी मोठी पोरं फळांच्या चवीच्या दारूच्या रंगीत डब्यांना फसतात. डब्यावर फळाचं चित्र, चव गोड. पुतण्या मला सांगतो, “काका, ही दारू नसते, फ्लेवर असतो.” मी त्याला हिशोब करून दाखवला. ३३० मिलीच्या डब्यात ४.८ टक्के म्हणजे जवळपास १६ मिली शुद्ध अल्कोहोल. देशीच्या ३० मिलीच्या पेगात ते १३ मिलीही भरत नाही. पोरगा गप्प झाला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन मद्य कंपन्यांमधला ब्रँडच्या नावांचा वाद सुनावणीला आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानंही ज्यूससारख्या दिसणाऱ्या टेट्रा पॅकमधल्या दारूबद्दल चिंता बोलून दाखवली होती. मुलांनी असा पॅक दप्तरात नेला तर कोणाच्या लक्षात येणार? राज्यात २१ वर्षांखालच्याला कसलंही मद्य विकता येत नाही. पण ही अट दुकानाच्या काउंटरपुरती. शेताच्या धुऱ्यावर, बस स्टँडवर पडलेल्या बाटलीला कोण वय विचारतो?

सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग २०१६ पासून इशाऱ्यानं व्यापलेला असतो. दारूवरचा इशारा मात्र शोधावा लागतो. राज्य सरकारनं मद्याच्या वेष्टनावर फळाचं नाव आणि चित्र छापायला बंदी करावी. समोरच्या बाजूला ‘दारू’ हा शब्द तिसरीच्या पोरालाही वाचता येईल एवढ्या ठळक मराठी अक्षरात यावा.

ती बाटली मी फेकलेली नाही. पुढच्या ग्रामसभेत ती टेबलावर ठेवून ठराव मांडणार आहे. काटोल-नरखेडच्या इतर गावांतल्या बागायतदारांनीही आपापल्या ग्रामसभेत असा ठराव घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक संत्रा बागायतदार
ता. काटोल, जि. नागपूर