मार्गोटबाई बर्लिनला परत का आल्या

ती. आई-बाबांना, सा. न.

बाबा, नाझींच्या छळातून वाचलेल्या बर्लिनच्या ज्यू मार्गोट फ्रीडलेंडर बाईंबद्दल सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "ज्या शहरानं घरदार संपवलं, तिथेच म्हातारपणी परत राहायला यावंसं वाटलं तरी कसं?" फोनवर ते नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

20 जानेवारी 1943. 21 वर्षांची मार्गोट, तिची आई आणि धाकटा भाऊ राल्फ बर्लिनमधून निसटायच्या बेतात होते. मार्गोट घरी आली तर जिन्यात एक अनोळखी माणूस पुढे चढत होता. ज्यूंना सक्तीचा असलेला कोटावरचा पिवळा तारा तिनं पर्सनं झाकला आणि आपल्या दाराशी न थांबता सरळ वरच्या शेजारणीकडे गेली. राल्फला गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, नेलं होतं. पोरगा एकटा पडू नये म्हणून आई आपणहून पोलिसांच्या हवाली झाली. लेकीसाठी मागे ठेवलं ते एवढंच: पर्समध्ये अंबरची माळ, पत्त्यांची वही आणि एक निरोप, 'तुझं आयुष्य घडवायचा प्रयत्न कर.' दोघंही आउशवित्सच्या नाझी मृत्युछावणीत मारली गेली. वडिलांचाही त्याआधीच तिथे बळी गेला होता.

आई, तुझ्यावर दादा आणि मी यांच्यात निवडायची वेळ आली असती तर, हे मी तुला कधीच विचारणार नाही. पण त्या माऊलीला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

पुढे सव्वा वर्ष मार्गोट लपून राहिली. केस लाल रंगवले, नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली, गळ्यात क्रॉस घातला. तिला आसरा देणारे जर्मनच होते, पकडले गेले असते तर त्यांचीही धडगत नव्हती. एप्रिल 1944 मध्ये तिला पकडलं ते मात्र गेस्टापोसाठी काम करणाऱ्या ज्यूंनी, स्वतःचा जीव वाचवायला ते हे करत होते. बाबा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथेच सापडतं. माणसं अशी सरळ दोन बाजूंना वाटता येत नाहीत, हे तिनं अंगावर भोगून पाहिलं होतं.

थेरेझीनश्टाट छावणीत तिला बर्लिनच्या ओळखीचे आडोल्फ भेटले. सुटका झाल्यावर त्यांनी तिथेच लग्न केलं आणि 1946 मध्ये न्यूयॉर्क गाठलं. आडोल्फना जर्मनीचं नावही नको होतं. 1997 मध्ये ते गेले, त्यानंतर बाई आठवणी लिहायला बसल्या. 2010 मध्ये, वयाच्या 88 व्या वर्षी, त्या बर्लिनला कायमच्या परतल्या.

हिशेब मागायला नाही आल्या. शाळाशाळांतून मुलांना सांगत फिरल्या: तुमचा यात दोष नाही, पण आम्ही फार दिवस नसू, आता तुम्हीच साक्षीदार व्हा. माणसासारखं वागा. हे सांगायची जागा बर्लिनच होती, न्यूयॉर्क नव्हे, असं मला अगदी मनापासून वाटतं. 7 मे 2025 ला टाउन हॉलमधल्या कार्यक्रमातही त्या बोलल्या. 9 मे रोजी गेल्या, 103 वर्षांच्या होत्या.

स्कालित्सर रस्त्यावर 32 नंबरच्या घरासमोर फुटपाथात आई आणि राल्फच्या नावाच्या छोट्या पितळी फरशा आहेत. उन्हाळ्यात आलात की तिकडे जाऊ. बाबा, गुडघ्याचा पट्टा आठवणीनं घ्या, इथे चालणं फार होतं.

तुमची,
मनू