करार भरल्या धरणाच्या काठावर व्हावा

नागपूर
17 जून 2025

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "दुष्काळाच्या परिषदेला रियाधला एवढे देश जमले, त्यानं आपल्या छिंदवाड्याच्या विहिरीला पाणी येणार आहे का?" ते मला पटलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहून राहिलो आहे.

2019 चा जुलै आठव. आमच्या नागपूरला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणात मृतसाठाच (तळाचं, सहज न काढता येणारं पाणी) उरला होता आणि नागपुरात दिवसाआड नळ येत होते. इथले लोक तुमच्याकडे बोट दाखवत होते, तुमच्या चौराईच्या धरणानं वरच पेंच नदी अडवली म्हणून. तू म्हणालास, पाऊस आमच्याकडेही नाही, आमची शेतं आधी. दोघांचंही खरं होतं. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांमधला पेंचच्या पाण्याचा करार 1960 च्या दशकातला, पण पाणीच नसलं की जो तो आपली घागर पोटाशी धरून बसतो. एका देशातल्या दोन राज्यांची ही गत, तर एकाच नदीवर जगणाऱ्या दोन देशांचं काय होत असेल?

आता तुझ्या विहिरीचं. प्रशांत महासागराचं पाणी तापलं की आपला पाऊस बऱ्याचदा कमी होतो, त्याला एल निनो म्हणतात. 1982-83 चा एल निनो जोरात येईपर्यंत कुणाला नीट कळलाच नव्हता. त्यानंतर अमेरिका, जपान, फ्रान्स अशा देशांनी मिळून प्रशांत महासागरात विषुववृत्ताच्या आसपास सुमारे 70 बोये, म्हणजे तरंगती मोजयंत्रं, नांगरून ठेवले. समुद्राचं तापमान ते सतत कळवतात. 1994 च्या अखेरीस ते जाळं पुरं झालं. आपलं हवामान खातं मान्सूनचा अंदाज बांधतं तेव्हा प्रशांत महासागर किती तापलाय हे आधी बघतं. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला. एल निनो आल्याची बातमी मात्र जूनमध्येच आली होती. म्हणजे दुसऱ्यांनी समुद्रात टाकलेल्या यंत्रांचा उपयोग तुझ्या विहिरीलाही आहे, विनू. फक्त त्या बातमीवर वेळेत काहीतरी करणारं कुणी हवं.

आणि घोडं तिथंच अडतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) 50 पैशांच्या आत आली की दुष्काळ मानायचा. तोवर पीक हातचं गेलेलं असतं. जगातही तेच चाललंय. वाळवंटीकरणाविरुद्धचा करार 1994 साली आजच्याच तारखेला पॅरिसमध्ये मान्य झाला. तीस वर्षांनी, गेल्या डिसेंबरात रियाधला, आफ्रिकेतले देश दुष्काळावर बंधनकारक करार मागत होते. श्रीमंत देश त्याला तयार झाले नाहीत. विषय 2026 च्या मंगोलियातल्या परिषदेवर गेला. 80 देशांसाठी 12 अब्ज डॉलरहून अधिक रकमेची आश्वासनं मिळाली, हे चांगलंच झालं. पण आश्वासनाला तारीख आणि जबाबदारी नसली की गरीब देशाला दर दुष्काळात नव्यानं हात पसरावा लागतो. याचा मला मनापासून राग येतो.

आपण तिथं नुसते मागणारे नाही, हेही सांगतो. 1972 च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली, 2005 साली देशानं तसा कायदा केला. त्याच वर्षी इथियोपियानंही सार्वजनिक कामांच्या बदल्यात धान्य आणि पैसे देणारी मोठी योजना सुरू केली. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्यातली गावं पाण्याचा ताळेबंद मांडतात: पाऊस किती पडला, मुरला किती, आणि त्यावर कोणतं पीक झेपेल. सेनेगलच्या शेतकऱ्यानं हे येऊन बघावं आणि त्याचं आपण ऐकावं, असं मला फार वाटतं.

यंदा सरासरीच्या 106 टक्के पावसाचा अंदाज आहे. धरणं भरली की भांडायचं कारण उरत नाही, म्हणून बोलायची वेळ हीच. तुमच्याकडच्या पाणी वापर संस्थेच्या बैठकीत विषय काढ. चौराई आणि तोतलाडोहचे साठे दर आठवड्याला दोन्हीकडच्या गावांना कळावेत. तूट आली तर कुणी किती सोसायची, तेही आत्ताच लिहून ठेवावं. मी इकडच्या मंडळींशी बोलतो. तुमच्या बैठकीची तारीख कळव, मी येतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
दिलीप