फाटकाची कडी दुरुस्त करून देणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानू लागले की आपण विषय बदलून चहा मागता, म्हणून हे जाहीर पत्र. न्यू जर्सीत ज्यांच्या परसात पोहण्याचा तलाव आहे, अशा इतर मराठी घरांतही ते वाचले जावे, अशी माझी इच्छा आहे.

सप्टेंबरात लेबर डेनंतर झाकलेला तलाव मे महिन्यात उघडायचा आणि मेमोरियल डेच्या सुट्टीपर्यंत पोहण्याजोगा करायचा, हा इकडचा शिरस्ता. यंदा आच्छादन काढले तेव्हा पाणी पावसाळ्यातल्या डबक्यासारखे हिरवेगार होते. ज्या कंपनीकडे देखभालीचे कंत्राट होते, तिचा माणूस दर खेपेस शॉकची, म्हणजे जहाल क्लोरीन-भुकटीची, आणखी एक पिशवी ओतत असे, तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या गोळ्या भरत असे, शेवाळनाशकाची बाटली बिलात लावत असे आणि ‘दोन दिवसांत निवळेल’ असे सांगून जात असे. पाणी निवळले नाहीच. उलट तलावाचे लायनर, म्हणजे आतले प्लास्टिकचे अस्तर, बदलावे लागेल, असा सल्ला आणि डोळे पांढरे करणारा खर्चाचा अंदाज आमच्या हाती पडला.

आपण लेकाच्या घरून तपासणीची पेटी काखोटीला मारून चालत आलात. रसायनीच्या कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाने आधी काहीही न ओतता पाणी तपासावे, यात नवल नाही. नवल याचे की तोवर कोणी ते धड तपासलेच नव्हते. नळीत द्रावण ओतताना तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की ‘थांबा’ म्हण, असे आपण माझ्या मुलीला सांगितलेत आणि शंभराची खूण येण्याआधीच ती ‘थांबा’ म्हणाली, म्हणजे पाण्यातले सायन्युरिक आम्ल शंभराच्याही वर गेले होते. हे आम्ल त्या गोळ्यांमधूनच क्लोरीनबरोबर पाण्यात उतरते. दशलक्ष भागांत तीस ते पन्नास भाग असेल तर ते क्लोरीनचे उन्हापासून रक्षण करते, पण क्लोरीन उडून गेले तरी ते मागे साचतच राहते आणि फार साचले की नव्या क्लोरीनलाच जखडून ठेवते, हे आपण तिला समजेल अशा भाषेत सांगितलेत. म्हणजे आम्ही पैसे मोजून रोगच विकत घेत होतो! पाणी बदलणे हाच त्यावर उपाय, पण वसंतात भूजल वर आलेले असते, तलाव पुरता रिकामा केला तर लायनर खालून उचलले जाईल, म्हणून थोडे थोडे काढून भरा, ही ताकीदही आपलीच.

पुढचे सव्यापसव्य इथे सांगत बसत नाही. हिरवे पाणी आधी राखाडी, मग दुधी आणि शेवटी इतके नितळ झाले की खोल बाजूला तळाशी असलेल्या निचऱ्याच्या जाळीचे स्क्रूही वरून दिसू लागले. ती जाळी स्पष्ट दिसेपर्यंत कोणीही पाण्यात उतरायचे नाही, असे आपण बजावले होते.

मात्र माझ्या मनात घर करून राहिले आहे ते त्या दिवशी निघताना आपण केलेले काम. तलावाच्या कुंपणाचे फाटक आपोआप मिटून कडी लागायला हवी. आमचे चार बोटे उघडेच राहत असे. आपण खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून बिजागरीची स्प्रिंग आवळलीत, कडीचे खोबण जरासे वर सरकवलेत, आणि मग फाटक आधी सताड, मग अर्धे, मग जेमतेम वीतभर उघडून दर वेळी सोडून पाहिलेत. कडीचा खट् आवाज तिन्ही वेळा ऐकल्यावरच आपण चप्पल घातलीत. माझा धाकटा दोन वर्षांचा आहे, दुडुदुडु कुठेही पोहोचतो. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांचे सर्वाधिक मृत्यू बुडून होतात आणि हिरव्या पाण्यात तळाशी गेलेले मूल वरून दिसतही नाही. कंपनीची माणसे बादल्या घेऊन त्याच फाटकातून ये-जा करत होती आणि ते तसेच उघडे टाकून जात होती. त्यांच्या कंत्राटात फाटक नव्हते, एवढाच त्यांचा बचाव असेल. आपल्याला तर कोणी पाण्याचेही कंत्राट दिले नव्हते. परक्याच्या घरातला धोका नजरेस पडला की तो दूर केल्याशिवाय ज्यांचा पाय निघत नाही, अशी माणसे कुठल्याही गावात थोडीच. ती आमच्या मागच्या गल्लीत राहायला यावीत, हे आमचे नशीब.

आपण पैसे घेतले नाहीत, डब्यातले लाडूही मधुमेहाचे कारण सांगून परत केलेत. कंपनीचे कंत्राट मी रद्द केले आहे. आता दर शनिवारी मुलगी स्वतः क्लोरीन आणि सामू (पीएच) तपासून वहीत लिहिते आणि आकडा जरा हलला की ‘काकाआजोबांना विचारू या’ म्हणते. भारतात परतण्यापूर्वी काकूंना घेऊन एकदा अवश्य या. साखर न घातलेला चहा ठरलेलाच आहे.

आपली कृतज्ञ,
मागच्या गल्लीतील शेजारीण