पालखेडचे पाणी, पानिपतचा दाणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी १४ जानेवारी जवळ आली की पानिपतावर लेख प्रसिद्ध होतात, आणि त्यांतील बहुतेक लेख विश्वासरावांना गोळी लागली, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले, या क्षणांभोवती फिरतात. त्या शौर्याबद्दल मला नितांत आदर आहे. तथापि सेनापतीची पारख आपण केवळ शेवटच्या दिवसावरून करतो, ही गोष्ट वैजापूर तालुक्यात आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला फार खटकते. ही पारख कोठे करायला हवी, हे याच तालुक्यातील पालखेड शिकवते, जेथे १७२८ मध्ये बाजीराव पेशव्यांनी निजामाला कोंडीत पकडले. (नाशिक जिल्ह्यातील धरणाचे पालखेड वेगळे, शिकलेसवरलेले लोकही हा घोटाळा करतात.)

निजाम-उल-मुल्कने दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी, म्हणजे महसुलातील मराठ्यांचा हक्काचा वाटा, अडवून धरली आणि शाहू महाराजांविरुद्ध कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष उचलला, तेव्हा बाजीराव पेशवे अवघे २७ वर्षांचे होते. निजामाच्या तोफखान्यासमोर उभे राहण्यात लाभ नाही हे ओळखून त्यांनी जालना, खानदेश आणि पुढे गुजरात असा सड्या, म्हणजे अवजड सामानाविना वेगाने फिरणाऱ्या, फौजेचा फेरा धरला. इकडे निजाम थेट पुण्यात शिरला. घरचा मुलूख शत्रूच्या घोड्यांखाली तुडवला जात असताना त्याच्या रक्षणासाठी मागे न फिरणे, उलट निजामाच्या औरंगाबादेवर चालून जाणे, हा त्या मोहिमेतील सर्वांत अवघड निर्णय होता, असे माझे ठाम मत आहे. वेगाचे कौतुक सगळे करतात. पण पुणे शत्रूकडे राहू देण्याची मनाची तयारी नसती, तर तो वेग निजामाच्या मागे धावण्यातच खर्ची पडला असता. औरंगाबाद वाचवण्यासाठी निजामाला पुणे सोडावे लागले, चाल लवकर व्हावी म्हणून अवजड तोफा मागे ठेवाव्या लागल्या, आणि फेब्रुवारी १७२८ अखेर पालखेडच्या परिसरात मराठी स्वारांनी त्याचे पाणी व दाणावैरण तोडली. मोठी लढाई अशी झालीच नाही. ६ मार्च रोजी मुंगी-शेवगावचा तह होऊन चौथाई-सरदेशमुखीचा हक्क त्याला मान्य करावा लागला.

आता ३३ वर्षे पुढे यावे. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाविरुद्धच इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने यश दिले होते, आणि त्या यशाचा विश्वास घेऊन सदाशिवरावभाऊ उत्तरेत गेले. अवजड तोफा व बायकामुले मागे सुरक्षित ठेवावीत, हा सूरजमल जाटाचा सल्ला बखरींत नोंदवलेला आहे. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला गेला, परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठी छावणी व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. माझ्या मते पानिपतचा निकाल बागपतच्या त्या उतारावरच निम्मा लागला होता. पुढचे अडीच महिने लाखोंच्या छावणीत, ज्यात यात्रेकरू व बुणगेही (न लढणारे नोकरचाकर) होते, दाणा संपत गेला. दुआबातून (गंगा-यमुनेमधील प्रदेशातून) अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. पालखेडला निजाम ज्या कोंडीत सापडला होता, त्याच कोंडीत बाजीरावांचाच पुतण्या सापडला होता, आणि उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू, या निश्चयाने सैन्य बाहेर पडले.

भाऊसाहेबांना गर्विष्ठ ठरवून मोकळे होणेही मला मान्य नाही. बाजीराव ओळखीच्या मुलुखात लढत होते; भाऊंना परक्या प्रदेशात, मित्र पाठ फिरवत असताना, एवढा मोठा लवाजमा सांभाळायचा होता. एवढ्या हालांतही ती फौज शेवटपर्यंत फुटली नाही, हे त्यांच्या नेतृत्वाचे बळ होते. परंतु सैन्य एकत्र राखणे हा एक गुण, आणि कोठे थांबायचे, काय सोडून द्यायचे, हे वेळेत ठरवणे हा दुसरा.

म्हणून आपणांस विनंती आहे की, येत्या १४ जानेवारीच्या अंकात रणांगणाच्या चित्राऐवजी कुंजपुरा, पानिपत, बागपत व दिल्ली दाखवणारा यमुनाकाठचा नकाशा छापावा, आणि फेब्रुवारीअखेर पालखेडच्या मोहिमेचाही. दोन्ही नकाशे कापून मी आमच्या गावच्या शाळेतील मुलांसमोर शेजारी शेजारी ठेवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
वैजापूर