आयसीयूत डायलिसिसचा पाईप कुठं घालणार, हे घरच्यांना सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आईला डायलिसिसला घेऊन गेलो होतो, तिथं बाकड्यावर खानापूरकडचा एक पोरगा बसलेला. बाप आयसीयूत, किडनी अचानक बंद पडलेली, आणि हातातला कन्नड-इंग्लिश फॉर्म पुढं करून मला विचारतोय, दादा यात काय लिहिलंय, पाईप घालायचा म्हणतायत पण कुठं ते काय सांगितलं नाही. तीन वर्षांमागं मी पण असंच काही न विचारता सही करून मोकळा झालो होतो म्हणून हे पत्र लिहितोय.

आईला शुगर बरीच वर्षं. तापाचं निमित्त झालं, इन्फेक्शन रक्तात पसरलं आणि लघवीच बंद झाली. रात्री घाईनं तिच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखालच्या शिरेत पाईप घातला आणि डायलिसिस चालू केलं. जीव वाचला, ते उपकार मी विसरणार नाही. पण किडनी काही परत चालू झाली नाही, मग कायमच्या डायलिसिससाठी डाव्या हाताला फिस्टुला केला, म्हणजे ऑपरेशन करून हातातली धमनी आणि शीर एकमेकीला जोडली. दीड-दोन महिन्यांनी तो वापरायला घेतला आणि हात सुजायला लागला. इतका, की झंपरची बाही उसवून हात बाहेर काढावा लागला. तपासणीत कळलं, जिथं पाईप होता तिथंच शीर आवळून आलीय. दोनदा फुगा घालून ती उघडली, दोन्ही वेळा परत आवळली. शेवटी तो फिस्टुला बंद करून उजव्या हाताला दुसरा केला. आता डायलिसिसचे चार तास उजवा हात हलवायचा नाही, मध्येच भूक लागली तर डाव्या हातानं घास घ्यायचा, आणि त्याचं तिला अजून कसंतरीच होतं.

नंतर आमच्या किडनीच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. किडनीच्या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या केडिगो नावाच्या आंतरराष्ट्रीय गटानं 2012 मध्येच पाईप कुठल्या शिरेत घालायचा याचा क्रम सांगितलाय, आधी मानेची उजवी शीर कारण ती सरळ हृदयाकडं जाते, मग मांडीची, मग मानेची डावी, आणि गळ्याच्या हाडाखालची अगदी शेवटी. तिथं पाईप शिरेच्या भिंतीला घासून आत व्रण होतो आणि शीर आवळते, पण तेव्हा काहीच जाणवत नाही, त्याच बाजूच्या हातात फिस्टुला होऊन रक्ताचा जोर वाढला की मग सूज येते. मांडीत म्हटलं की लोक घाबरतात, घाण जागा, इन्फेक्शन होणार म्हणून. पण फ्रान्समध्ये आयसीयूतल्या पेशंटवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये छापून आलाय, त्यात मान आणि मांडी यांत इन्फेक्शनचा फारसा फरक दिसला नाही, लठ्ठ पेशंट सोडले तर. पेशंट व्हेंटिलेटरवर आडवाच आहे, रक्त पातळ झालंय, तर मांडीची शीर सोयीची पण पडते, रक्त आलं तर वरून दाबता येतं. सोनोग्राफी मशीनवर शीर बघत सुई घातली की चुका कमी होतात, आणि मानेत घातला तर वापरायच्या आधी एक्सरे काढायचा.

कधी कधी डॉक्टरांपुढं दुसरी जागाच नसते, हे मला मान्य आहे. पण चार वाक्यं बोलायला किती वेळ लागतो? बेळगाव, खानापूर, निपाणी आणि तिकडून चंदगडवरून येणारे आम्ही बहुतेक मराठी बोलणारे, फॉर्मवर कन्नडच्या शेजारी मराठी पण छापा की. किडनी परत येणार नाही असं वाटत असेल तर ज्या हातानं पेशंट काम करत नाही त्या हातात सलाईन, रक्ताच्या सुया, बीपीचा पट्टा काही नको, तसं फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा. आईच्या त्या हाताला आयसीयूत दर दोन दिवसांनी नवी सुई, सगळा हात काळानिळा झालेला, आणि आम्हाला वाटायचं उपचार जोरात चाललेत. आधीच फिस्टुला असलेला पेशंट आयसीयूत आला तर घरच्यांनी सिस्टरला पहिलं तेच सांगा, आणि रोज त्यावर बोटं ठेवून घुर्र घुर्र लागतंय का बघा. बीपी फार उतरलं की तो गोठून बंद पडतो.

आणि डिस्चार्ज कार्डावर पाईप कुठल्या शिरेत घातला, कधी घातला, कधी काढला एवढं तरी लिहून द्या. आईच्या कार्डावर नुसतं 'डायलिसिस केले' एवढंच होतं, फिस्टुला करणाऱ्या सर्जनना त्यावरून काय कळणार?

आपला,
एक वाचक, येळ्ळूर