हमी पाच वर्षांची, पॅनेल पंचवीस वर्षांचे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या रब्बीत माझा पाच एचपीचा सौरपंप नऊ दिवस बंद होता. गहू पेरून अठरा दिवस झाले होते, मुकुटमुळे फुटायची वेळ. गव्हाचे कुठले पाणी चुकवू नये, तर हे. विहिरीला पाणी, डोक्यावर लख्ख ऊन आणि पंप चालवणाऱ्या पेटीवर, कंट्रोलरवर, एरर. तक्रार पहिल्याच दिवशी नोंदवली. पुरवठादार कंपनीचा माणूस नवव्या दिवशी दोनशे किलोमीटरवरून आला, पॅनेलखालचा जळालेला कनेक्टर कापून त्याने नवा बसवला. वीस मिनिटांचे काम. त्या मुलाला मी बोल लावत नाही, तीन जिल्हे त्याच्या एकट्याच्या गळ्यात होते.

माझा पुतण्या आयटीआयतून वायरमन होऊन दोन वर्षे घरी बसून आहे. तिसऱ्याच दिवशी त्याने मल्टिमीटर लावून बिघाड पॅनेलांच्या कुठल्या ओळीत आहे ते सांगितले होते. मीच त्याला हात लावू दिला नाही. दुसऱ्या कोणी खोलले तर हमी जाईल, ही एक भीती. दुसरी जिवाची. घरची लाइन मेन स्विच पाडला की मरते. पॅनेल मात्र ऊन असेपर्यंत वीज तयार करतच राहते. ओळीने जोडलेल्या पॅनेलांचा व्होल्टेज काही शेकड्यांत जातो, आणि वीज वाहत असताना कनेक्टर ओढला तर जो जाळ धरतो तो सहजी विझत नाही. हे पोराने वाचलेले आहे, पण कोणी शेजारी उभे राहून त्याच्याकडून करून घेतलेले नाही.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेबद्दल माझी तक्रार नाही. सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून पंप मिळतो आणि पाच वर्षे दुरुस्तीची हमी असते. रात्री-अपरात्री विंचूकाट्यात दारे धरायला जावे लागत नाही, हे सुख ज्याने ते भोगले त्यालाच कळेल. पण पॅनेल चालते २५ वर्षे. सहाव्या वर्षापासून पुढे पंप कोणाच्या भरवशावर? २०१९च्या सुमारास मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेतून बसलेल्या पंपांची पाच वर्षे कधीच उलटली. माझ्या ओळखीचे दोन शेतकरी कंट्रोलर पोत्यात घालून जिल्ह्याच्या गावी दुकाने पालथी घालून आले.

केंद्र सरकारचा ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम २०१५ पासून आहे. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत चालणारा, ६०० तासांचा, निवासी आणि विनाशुल्क. आमच्या भागातली दोन मुले तो करून आली. एक पुण्यात आहे, दुसरा राजस्थानात सौर प्रकल्पावर. दोघांचे चांगले झाले, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या शिवारातला पंप मात्र अजून दोनशे किलोमीटरवरच्या माणसाची वाट पाहतो.

अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियात बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजला हाच अनुभव आला होता. शिकलेला तरुण प्रमाणपत्र हाती पडताच शहराची वाट धरतो. म्हणून त्यांनी खेड्यातल्या प्रौढ बायका निवडल्या, कित्येक जणी निरक्षर, कित्येक आज्या. सहा महिन्यांत रंगांच्या आणि खुणांच्या आधाराने त्या सौर दिव्यांचे सर्किट जोडायला शिकल्या आणि आपापल्या गावी परतल्या. आपल्याकडे बचत गटांच्या बायका आहेत, दहावी-बारावी झालेल्या सुना आहेत. त्यांना या कामासाठी कोणी विचारतच नाही. पण तरुणांनाही सोडून देण्याचे कारण नाही. गावात पोट भरत असेल तर तो कशाला जाईल?

माझा हिशेब साधा आहे. आमच्या आसपासच्या दहा-बारा गावांत मिळून दोनशेच्या वर सौरपंप आहेत. पंपामागे वर्षाला दीड हजार रुपये मी आनंदाने देईन. सगळ्यांनी दिले तर तीन लाख होतात. पेट्रोल वजा जाऊन गावातच राहून पंप दुरुस्त करणाऱ्या एकाचा संसार त्यावर चालतो. असा माणूस तयार करण्यासाठी वर्ग तालुक्याच्या आयटीआयत भरवावा आणि निम्मे शिक्षण प्रत्यक्ष शेतात, बसवलेल्या पंपावर द्यावे. बोअरच्या क्षारपाण्याने धुतलेल्या पॅनेलवर पांढरा थर कसा बसतो, मृगाआधीच्या वावटळीत सांगाड्याचे कोणते नटबोल्ट आधी सैल होतात, अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की काय होते, हे तिथेच कळते. शिकण्याच्या काळात विद्यावेतन द्यावे, कारण रोजंदारी बुडवून तीन महिने कोणी बसू शकत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा वर्ग पूर्ण केलेल्याला हमीच्या काळातही दुरुस्तीचा अधिकार मिळावा. पुरवठादार कंपन्यांनी त्याला सुटे भाग द्यावेत आणि कामाचे पैसे द्यावेत, अशी अट ही योजना राबवणाऱ्या महावितरणने करारातच घालावी. कंपनीचाही दोनशे किलोमीटरचा फेरा वाचेल.

पुतण्या संक्रांत झाली की चाकणला कंपनीत कामाला जायचे म्हणतो आहे. आमच्या तालुक्यात असा वर्ग सुरू होणार असल्याची बातमी आपल्या अंकात आली, तर मी त्याला थांबवून घेईन.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. परतूर, जि. जालना