डुकरांच्या औषधालाही दिवस मोजा

महोदय,

शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस गेले, हे नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला विचारावे लागत नाही. २०१० मध्ये लिहोसिन या वाढ-नियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात कंटेनर अडकले, तेव्हापासून तर नाहीच. वराहपालनात मात्र हा हिशेब क्वचितच मागितला जातो. वास्तविक, आपल्या औषध नियमावलीत २०१२ पासून तरतूद आहे: औषधाची स्वतंत्र मुदत ठरलेली नसेल, तर शेवटच्या मात्रेनंतर मांसासाठी किमान २८ दिवस थांबायचे. यात चरबी आणि काळीजही आले.

गफलत होते ती खाद्य कालवताना. दूध तोडलेल्या पिलांना हगवण लागली की औषधाची पुडी सरळ शंभर किलो भरड्यावर ओतून फावड्याने हलवतात. मग कुणाला चौपट मात्रा, कुणाला शून्य. पुडी आधी पाच किलोत, ते पाच पंचवीस किलोत आणि मग उरलेल्यात मिसळावे. जे पिल्लू खातच नाही त्याला खाद्यातल्या औषधाचा काय उपयोग? त्याला इंजेक्शनच हवे. मिक्सरमध्ये औषधी खाद्यानंतर साध्या भरड्याचा एक घाणा फिरवावा आणि तो विक्रीला आलेल्या डुकरांना अजिबात घालू नये. सल्फा गटातल्या जंतुनाशक औषधांचे आणखी एक दुखणे: ती लघवी-विष्ठेतून जमिनीवर पडतात, डुकरे तीच चाटतात आणि दिवस मोजूनही अंश उरतो. औषध बंद केले त्या दिवशी डुकरांचा कप्पा धुवावा, नाहीतर मोजणी फुकट.

मुदतही शेवटी तपासणीवर उभी असते. अमेरिकेत डुकरांच्या हगवणीवरील कार्बाडॉक्ससाठी ४२ दिवसांची अट होती आणि यकृतातला एक घटक मोजून मांस सुरक्षित ठरवत. कर्करोगाच्या धोक्यामुळे युरोपने हे औषध १९९९ मध्येच बंद केले होते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये ती तपासणी पद्धत रद्द केली, कारण मोजला जाणारा घटक आणि कर्करोगकारक अंश यांचा मेळच सिद्ध होत नव्हता.

आपल्याकडे कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर जुलै २०१९ पासून बंदी आहे. जुन्या साठ्यातल्या पुड्यांवर हे नाव तपासून घ्यावे.

डुक्कर कत्तलीला आणताना औषधाचे नाव, मात्रा, शेवटची तारीख आणि कप्पा क्रमांक एवढ्या चार नोंदी असलेली वही महापालिका व पशुसंवर्धन विभागाने मागावी. वही नसेल, तर २८ दिवस डुक्कर आणले त्या दिवसापासून मोजावेत.

— वराहपालन क्षेत्रातील पशुवैद्यक, नाशिक